नवरा महिनोनमहिने साईटवर, माझं ऑपरेशन झालेलं. एचआयव्हीची टेस्ट करायची आहे, घरात सांगू काय?

नवीन_आयडी_घेतला

नमस्कार. नवीन आयडी काढून लिहून राहिली कारण जुन्या आयडीवर माझी जाऊ पण आहे. नागपूरलाच मानेवाड्याकडे राहते, वय 36, दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणातच ऑपरेशन करून घेतलं. मिस्टर वेल्डर आहेत, ठेकेदारासोबत कधी रायपूर कधी कोरबा कधी चंद्रपूर, प्लांटचं शटडाऊन निघालं की दोन दोन महिने तिकडेच, मग आठ दहा दिवस घरी. माणूस वाईट नाही हे आधीच सांगते. पैसे वेळेवर येतात, पोरांवर जीव आहे.

मागच्या वेळेस आले तेव्हा त्यांना लघवीच्या जागी जखम होती. म्हणे गर्मीनं झालं, भट्टीजवळचं काम. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली, लावली, बरं झालं. ते गेल्यावर मला अंगावरून पांढरं जाणं सुरू झालं, खाज आणि वास पण. गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या, थांबलं. ते मधात येऊन गेले की परत तेच. मी त्याला इन्फेक्शन समजून सोडून दिलं असतं पण त्यांच्याच टीममधल्या एकाच्या बायकोला एचआयव्ही निघाला असं कानावर आलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

टेस्ट कुठे करू, सरकारी मेडिकल हॉस्पिटलात ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगू? आणि दुसरं म्हणजे ते पुढच्या महिन्यात येतील तेव्हा निरोध वापरा हे कसं म्हणू? एकदा म्हटलं होतं तर हसले, "आता कायले, तुझं तं ऑपरेशन झालं न." परत म्हटलं तर एक तर म्हणतील माझ्यावर संशय घेते, नाही तर म्हणतील तूच कुठं गेली होती काय. हे दुसरं वाक्य ऐकायची माझी तयारी नाही.

विदर्भाचा_वाघ

ताई राग मानू नका पण संशयानं संसार मोडतात. दिवसभर आगीसमोर उभा राहणारा माणूस आहे, गर्मीनं फोड येतात, नागपुरात कोणाले येत नाही. नेटवर वाचलं की प्रत्येकाले कॅन्सर नाही तर एड्स होते. डोकं शांत ठेवा.

सक्करदऱ्याची_काकू

वाघ भाऊ, गर्मीनं घामोळ्या येतात. त्या जागी जखम येत नाही. आणि त्या बाईनं संशय घेतला नाहीच आहे, टेस्ट कुठं होते एवढं विचारलं. संसार मोडायची भीती नेहमी बाईलाच का दाखवायची, साईटवर जाताना त्यांना कोणी दाखवते का?

पूर्वी_समुपदेशक

ताई, मी बरीच वर्षं विदर्भात आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणीच्या सरकारी केंद्रात, समुपदेशक होते, आता सोडलं. तुमच्यासारख्या इतक्या जणी समोर बसलेल्या पाहिल्या आहेत की तुमची पोस्ट वाचताना पुढचं वाक्य मला आधीच माहीत होतं. थोडं लांब लिहिते, चालवून घ्या.

आधी धीराचं. पांढरं जाणं म्हणजे एचआयव्ही नव्हे. बहुतेक वेळा ते साधं, बरं होणारं इन्फेक्शन असतं. एचआयव्हीला स्वतःचं असं लक्षण कित्येक वर्षं नसतं, म्हणून लक्षणांवरून कोणी "आहे" किंवा "नाही" सांगत असेल तर दोन्ही सोडून द्या, फक्त रक्ताची तपासणी खरं सांगते.

पण तुम्ही लिहिलंय ना की ते येऊन गेले की परत सुरू होतं, ते महत्त्वाचं आहे. औषध एकट्या बाईला दिलं आणि नवरा तसाच राहिला की हे असं फिरत राहतं. सरकारी हॉस्पिटलांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, गुप्तरोगाचं फुकट औषध तिथे मिळतं आणि गरज असेल तर जोडीदारालाही देतात. त्यांची ती जखम ट्यूबनं बरी झाली की आपोआप भरली हे सांगता येत नाही, सिफिलिसची जखम तर औषध न घेताही भरून येते आणि आजार आत राहतो. म्हणून एचआयव्हीसोबत सिफिलिसची टेस्टही मागा. अशी जखम किंवा सूज असली की एचआयव्हीला आत शिरायला सोपं जातं, त्यांनाही आणि तुम्हालाही.

आता बायकांचंच का म्हणून लोक विचारतात. शरीराचीच रचना तशी आहे. योनीच्या आतल्या पातळ त्वचेचं क्षेत्र मोठं, वीर्य आत राहतं, बारीक ओरखडे दिसतही नाहीत. निरोध नसेल तर पुरुषाकडून बाईला लागण व्हायची शक्यता बाईकडून पुरुषाला होण्याच्या साधारण दुप्पट धरतात. कमी वयाच्या मुलींना तर जास्तच. आणि ज्याला नुकतीच लागण झाली त्याच्या रक्तात सुरुवातीचे काही आठवडे विषाणू प्रचंड असतो, त्या काळात त्याची टेस्ट निगेटिव्हही येऊ शकते, आणि नेमका तेव्हाच माणूस सुट्टीवर घरी आलेला असतो.

"मी तर फक्त नवऱ्यासोबत" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. नव्वदच्या दशकात पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या बायकांचा अभ्यास झाला होता. कोरोनाच्या वेळेस टीव्हीवर रोज दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर, त्यांचा. 1997 साली छापून आला. देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्ये 13.6 टक्के एचआयव्ही निघाला होता, बहुतेक जणी लग्न झालेल्या, आयुष्यात एकच पुरुष, तो म्हणजे नवरा. आज देशात अंदाजे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगतात, त्यात बायका 44 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याच जणींची कहाणी हीच आहे.

ऑपरेशनचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. एचआयव्हीच्या पूर्ण कार्यक्रमात मला खटकायचं ते हेच. आपल्याकडे बाईनं ऑपरेशन केलं की कुटुंब नियोजन संपलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास 38 टक्के ऑपरेशनवर होत्या आणि निरोध साडेनऊ टक्के. म्हणजे पंचविशी-तिशीतच निरोध मागायचं एकमेव सभ्य कारण घरातून निघून जातं, नंतर मागितला की तो आरोप होतो. पोस्टरवर लिहितात निरोध वापरा. तो कोणत्या तोंडानं मागायचा हे कोणत्याच पोस्टरवर नाही.

पण तुमच्याकडे सध्या खरं कारण आहे आणि ते वापरा. पांढरं जाण्याचं औषध सुरू असताना डॉक्टर स्वतःच सांगतात की औषध पूर्ण होईपर्यंत संबंध नको किंवा निरोध लावा, आणि दोघांनी दाखवा. हे खोटं नाही. "डॉक्टरनं तुम्हालाही बोलावलंय, नाही तर माझं हे परत परत होईल" इतकंच म्हणा. यात ना तुमच्यावर काही येत ना त्यांच्यावर.

टेस्ट मेडिकल, मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत फुकट होते. आयसीटीसी असं विचारा. आधी समुपदेशक एकटीशी बोलते, तुमची संमती घेते, मग रक्त. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी, आणि तो फक्त तुमच्या हातात. पॉझिटिव्ह सांगायच्या आधी वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात. ओळखीचं कोणी भेटलं तर पांढऱ्या पाण्यासाठी आले म्हणा, खोटं थोडीच आहे. लागण झाल्या झाल्या टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून आता निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संबंधापासून तीन महिन्यांनी परत करायची.

आणि हे दोनदा वाचा, तुमची निगेटिव्ह आली याचा अर्थ त्यांची निगेटिव्ह असा होत नाही. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह अशी जोडपी भरपूर असतात.

धर्मपेठ_पासिंग

इतकं मोठं कोण वाचते. थोडक्यात सांगा न.

सक्करदऱ्याची_काकू

ज्याला गरज आहे ती वाचते, तुम्ही क्रिकेटच्या धाग्यावर जा.

एमएच40_ड्रायव्हर

भाऊ लोक मी बोलतो कारण मी त्या बाजूचा आहे. पंधरा सोळा वर्ष ट्रेलर चालवला, आता वाडीत छोटं दुकान आहे. साईटवर काय होते ते बायकांना कोणी सांगत नाही. पगार झाला की चार जण निघतात, पाचव्याला म्हणतात तू काय बायकोला घाबरते का. दारू झालेली असते, निरोध खिशात असला तरी लक्षात कोण ठेवते. आणि डोक्यात एक पक्कं बसलेलं असते की लॉजवाली बाई बिमारीवाली, घरचीचा काही धोका नाही. घरच्या बाईले आपल्यापासून धोका आहे हे कोणाच्या मनातच येत नाही, खोटं नाही सांगत, माझ्याही आलं नव्हतं.

आमच्याकडे ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी संस्थेचे लोक कॅम्प लावायचे, फुकट निरोध, रक्त तपासणी. पहिल्यांदा मी चहासाठी बसलो होतो खरं म्हणजे. त्या पोरानं एकच विचारलं, "घरी गेल्यावर वापरता का?" मी म्हटलं घरी कायले. तो म्हणाला मग इथं वापरून काय फायदा, दहा वेळा वापरला अकराव्यांदा राहिला तर तो घरीच जाते न. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. रिपोर्ट येईपर्यंतचा तो एक तास मी बायकोले अजून सांगितला नाही.

ताई तुम्हाला एक सांगतो, पुरुष टेस्टला नाही म्हणते ते बहुतेक नोकरीच्या भीतीनं. ठेकेदारानं ऐकलं तर काढून टाकीन. त्यांना सांगा की आता कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही आणि आयसीटीसीवाले ठेकेदारालेच काय भावालेही सांगत नाहीत. आणि चारचौघात, सासूसमोर हा विषय काढू नका. आमची जात अशी आहे की एकटं असलो की ऐकतो, कोणी पाहत असलं की मर्दानगी येते.

गोळी_रोज_रात्री

मी पॉझिटिव्ह आहे. हे इथे पहिल्यांदा लिहीत आहे.

मला पहिल्या दिवसात कळलं. म्हणजे पोटुशी असताना नाव नोंदवलं तेव्हाच्या रक्त तपासणीत. यात काय होतं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच कळेल. घरात सगळ्यात आधी सुनेची टेस्ट होते कारण तिलाच दिवस गेलेले असतात. नवऱ्याची कोणी केलेलीच नसते. मग ज्याचं नाव आधी कागदावर आलं तिनं आणलं. सासू म्हणाली माहेरून घेऊन आली. नवऱ्याची टेस्ट नंतर झाली, तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढच्या स्टेजला होता, सीडी4 म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी पार खाली, टीबी झालेला, म्हणजे आजार माझ्या आधीपासून हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तरी घरात माझंच ताट वेगळं झालं. त्याचं नाही हं, त्याचं ताट सगळ्यांसोबत. ताटानं हा आजार होत नाही हे त्यांना मी सांगून काय उपयोग.

एका खाजगी नर्सिंग होमनं बाळंतपण करायला नाही म्हटलं होतं. मग सरकारीत झालं. गरोदरपणातच गोळ्या सुरू झाल्या होत्या, बाळाला जन्मल्यावर सहा आठवडे नेव्हिरापिनचं औषध पाजलं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचा थेंब नाही. आई काहीच औषध घेत नसेल तर बाळाला लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के असते आणि नीट औषध घेतलं तर 5 च्या खाली येते, हे आकडे मला तेव्हा पाठ झाले होते, झोपेत विचारलं असतं तरी सांगितले असते. दीड महिन्यानं पहिली टेस्ट, दीड वर्षानं शेवटची. मुलगी निगेटिव्ह. आता ती माझ्याशी मोबाईलवरून भांडते.

नवरा गेला. सासरच्यांनी घर सोड म्हटलं तेव्हा मी माहेरी निघालेच होते, पण संस्थेतल्या एका ताईनं थांबवलं. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे ना, त्यात ज्या घरात नांदत होतो तिथून बाईला असं हाकलता येत नाही. वकील विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळाला. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी चिडून सही करून निघून जाऊ नका. संजय गांधी निराधारचा फॉर्मही भरा, त्यात एचआयव्हीवाले बसतात.

औषध म्हणाल तर रात्री एक गोळी, टीएलडी म्हणतात. फुकट. 2004 पासून सरकार देतं, आणि 2017 पासून सीडी4 कमी व्हायची वाट पाहत नाहीत, टेस्ट पॉझिटिव्ह की लगेच सुरू. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, कितीतरी वर्षं "टीएनडी" येतो, म्हणजे मशीनला दिसतच नाही. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता जगभर मान्य आहे. गोळी चुकवायची नाही एवढीच अट.

अजून एक, हे बायकांना कोणीच सांगत नाही म्हणून सांगते. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर व्हायची शक्यता इतर बायकांच्या सहापट असते. एआरटीला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधाच्या सेंटरला जाऊन गोळ्या घेऊन येतो आणि आपल्याला वाटतं झालं. खालची तपासणीही मागून घ्या. मला कोणी सुचवली नव्हती, मीच विचारलं.

नवीन आयडीवाल्या ताई, घाबरून टेस्ट टाळू नका. माझ्या नवऱ्याला दोन वर्षं आधी कळलं असतं तर तो आज इथं असता. असं मला वाटतं बाप्पा, डॉक्टर नाही मी.

लॉ_कॉलेज_चौक

यावर लस आली ना आता? इंस्टावर पाहिलं, वर्षातून दोन इंजेक्शन.

पूर्वी_समुपदेशक

लस नाही. ते लेनाकापाविर नावाचं प्रतिबंधक औषध आहे, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात तरुण मुली आणि बायकांवर चाचणी झाली, 2024 मध्ये निकाल आला, इंजेक्शन घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. बायकांसाठी हे मोठं आहे कारण नवऱ्याची परवानगी लागत नाही, निरोधाला लागते. त्याआधीपासून रोजच्या गोळीचं प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, आहेच, नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना नक्की विचारावं, पण सुरू करण्याआधी आपण निगेटिव्ह आहोत हे तपासावंच लागतं. महिलांचा कंडोमही असतो पण सहज कुठं मिळताना मी पाहिला नाही.

आणि एक आणीबाणीचं औषध असतं, पेप. निरोध फाटला, जबरदस्ती झाली, सुई टोचली, तर 72 तासांच्या आत सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं, 28 दिवस घ्यायचं. रात्री दोन वाजले तरी कॅज्युअल्टीत जा, सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका. कोणाला तोंडानं विचारायची लाज वाटत असेल तर 1097 वर फोन करा, एचआयव्हीचीच हेल्पलाइन आहे, फुकट.

विदर्भाचा_वाघ

गोळीवाल्या ताईंचं वाचलं. काही बोलत नाही. नवीन आयडीवाल्या ताई, टेस्ट करून घ्या.

नवीन_आयडी_घेतला

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पोरांची परीक्षा होती. जाऊन आली. मेयोला गेली, मेडिकलमध्ये भाचीची नणंद कामाला आहे म्हणून. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, माझ्यापेक्षा लहानच असेल, दार लावून बोलली. निगेटिव्ह आहे. सिफिलिसही निगेटिव्ह. खालची तपासणी करून औषध दिलं आणि सांगितलं की मिस्टरांनाही आणा.

फोनवर त्यांना डॉक्टरनं बोलावलंय इतकंच म्हटलं, जसं तुम्ही लिहिलं होतं तसंच. आधी शांत राहिले. मग म्हणाले, "त्या जखमेचं सांगितलं का डॉक्टरले?" मी हो म्हटलं. मग म्हणाले आल्यावर पाहू. रागावले नाहीत. त्यांना राग येईल वाटलं होतं, तो मलाच आला, फोन ठेवल्यावर, कारण त्यांनी स्वतःहून जखमेचं विचारलं म्हणजे त्यांना काहीतरी माहीत आहे न.

पोळ्याला येत आहेत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांची पॉझिटिव्ह आली तर ते मला सांगतील का की लपवतील, आयसीटीसीवाले मला सांगतील का? आणि माझे तीन महिने कधीपासून मोजायचे?

पूर्वी_समुपदेशक

निगेटिव्ह वाचून बरं वाटलं. राग आला तर येऊ द्या, आत्ता भांडणात घालवू नका, टेस्ट होईपर्यंत तरी.

2017 चा एचआयव्ही कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू. त्यानं रिपोर्ट गुप्त राहतो, पण जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक आधी त्या माणसालाच समजावतात की तू स्वतः सांग, आणि तो सांगणारच नाही असं दिसलं तर त्याला कळवून, समोर बसवून जोडीदाराला सांगू शकतात. उलट बाई पॉझिटिव्ह असेल आणि नवऱ्याला सांगितल्यावर तो मारेल, घराबाहेर काढेल अशी भीती असेल तर त्याला सांगायचं नाही, असंही त्याच कायद्यात आहे. सगळ्यात सोपं म्हणजे दोघांनी एकत्र जाऊन जोडप्याचं समुपदेशन मागा, रिपोर्ट दोघांसमोरच उघडतात, मग लपवायचा प्रश्न राहत नाही. हात उचलायची लक्षणं दिसली तर 181 लावा, महिलांची हेल्पलाइन आहे.

तीन महिने टेस्टच्या तारखेपासून नाही, बिना निरोधाच्या शेवटच्या संबंधापासून. म्हणजे पोळ्याला आले आणि निरोध लावला नाही तर मोजणी परत पहिल्यापासून. म्हणून औषध पूर्ण होईपर्यंत नको हे डॉक्टरचं म्हणणं धरून ठेवा, आणि आयसीटीसीतून निघताना निरोधाचं पाकीट घेऊन या, मागितलं की देतात.

एमएच40_ड्रायव्हर

आणि ताई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेऊ नका, तान्ह्या पोळ्याची सुट्टी असते, ओपीडी बंद आणि मारबतची मिरवणूक, इतवारीकडून मेयोले पोचणंच होत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी सकाळी न्या. माणूस दुपारपर्यंत घरी राहिला की विचार बदलते.